चेक परत केला म्हणून शिफ्ट पुसली जात नाही

प्रश्न: महाराष्ट्रातून एमबीबीएस करून मी न्यूयॉर्कमध्ये इंटर्नल मेडिसिनच्या रेसिडेन्सीच्या दुसऱ्या वर्षात आहे. व्हिसा जे-१, म्हणजे प्रशिक्षणासाठीचा. एका अर्जंट केअरमध्ये (तातडीच्या किरकोळ उपचारांच्या क्लिनिकमध्ये) शनिवारच्या दोन शिफ्ट केल्या. पेशंट तपासले, नोंदी लिहिल्या. प्रिस्क्रिप्शनवर सही तिथल्या डॉक्टरांची. चेक अजून बँकेत भरलेला नाही. तो परत करून विषय मिटवू का? एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचा एक फेलो (रेसिडेन्सीनंतर पुढचं प्रशिक्षण घेणारा डॉक्टर) तिथे उघडपणे काम करतो.

उत्तर: पुढची शिफ्ट ठरली असेल तर ती आधी रद्द करा.

चेक परत केल्याने काही मिटत नाही. काम केलंत तेव्हाच नियम मोडला, आणि पेशंटच्या नोंदीत तुमचं नाव राहणारच. जे-१ डॉक्टरला मंजूर प्रशिक्षणाबाहेर कमाईचं काम करता येत नाही. तसं काम केलं तर ईसीएफएमजी (तुमच्या जे-१ची प्रायोजक संस्था) तुमचा प्रोग्राम संपवू शकते, आणि विनापरवानगी नोकरी केलेल्याला व्हिसाचं स्टेटस पूर्ववत करून मिळत नाही.

दुसरी अडचण मला व्हिसाइतकीच गंभीर वाटते. न्यूयॉर्कमध्ये रेसिडेंटला मिळणारी परवान्याची सूट प्रशिक्षणापुरतीच असते. परदेशी पदवीधराला पूर्ण परवान्यासाठी ३ वर्षांचं प्रशिक्षण लागतं. तुमचं दुसरंच चालू आहे. विनापरवाना वैद्यकी तिथे फेलनी, म्हणजे गंभीर दर्जाचा गुन्हा आहे, आणि प्रिस्क्रिप्शनवर दुसऱ्याची सही असल्याने तपासणी त्यांची ठरत नाही. हॉस्पिटलचा मालप्रॅक्टिस (उपचारातल्या चुकांसाठीचा) विमाही सहसा अशा बाहेरच्या कामाला लागू नसतो.

म्हणून क्रम सांभाळा. आधी इमिग्रेशन वकील आणि डॉक्टरांच्या परवान्याची, फौजदारी प्रकरणं पाहणारा वकील, असे दोघे गाठा. प्रोग्राम डायरेक्टरला काय नि कधी सांगायचं ते त्यांच्याशी बोलून ठरवा. तोवर क्लिनिकशी मेसेजवर खुलासे नकोत. जुने मेसेज, रोस्टर, चेकची प्रत मात्र जपून ठेवा. काहीही खोडू नका, कुणी विचारलं तर खोटं बोलू नका. पैसे ठेवलेत तर ते कर विवरणात दाखवावेच लागतील. क्लिनिकने १०९९ फॉर्म (कंत्राटदाराला दिलेल्या पैशांची नोंद) काढला तर त्याची प्रत कर खात्याकडेही जाते. पुढे ग्रीन कार्डच्या आय-४८५ अर्जात विनापरवानगी काम केलं का, हा प्रश्न थेट येतो.

फेलोची गोष्ट निराळी. त्याची ३ वर्षं झाली असल्याने त्याला पूर्ण परवाना मिळू शकतो. एच-१बीवर दुसऱ्या मालकाने इमिग्रेशन खात्याकडे स्वतंत्र आय-१२९ याचिका दाखल करावी लागते. ती रीतसर दाखल झाली की काम सुरू करता येतं. विद्यापीठाच्या हॉस्पिटलची मुख्य नोकरी एच-१बीच्या वार्षिक कोट्याबाहेरची असेल आणि टिकून असेल, तर क्लिनिकच्या याचिकेला कोट्याच्या लॉटरीतून जावं लागत नाही. पण त्यालाही १०९९वर कंत्राटदार म्हणून राबवत असतील तर तोही अडचणीत आहे. त्याचे हे तास एसीजीएमईच्या (डॉक्टरांच्या प्रशिक्षणाला मान्यता देणाऱ्या संस्थेच्या) आठवड्याला ८० तासांच्या मर्यादेत, ४ आठवड्यांच्या सरासरीने, मोजले जातात.

पैशांची ओढाताण हेच कारण असेल, तर पत्नी जे-२वर (जे-१धारकाच्या कुटुंबीयांच्या व्हिसावर) असल्यास ती आय-७६५ अर्ज भरून कामाची परवानगी मागू शकते. मात्र ही कमाई तुमच्या स्वतःच्या निर्वाहासाठी आहे असं दाखवलं तर अर्ज फेटाळला जातो. हा नियम बऱ्याच जणांना नकार आल्यावरच कळतो.