बदकाच्या पिल्लांना पोहायला कोणी शिकवलं?

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. या वेळी आमच्या खुडूक कोंबडीखाली बदकाची सहा अंडी ठेवली होती, पाच फुटली. पिल्लं दुसऱ्या दिवसापासून कोंबडीच्या मागे रांगेने फिरू लागली. आठवड्याभराने कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पाटाला पाणी सोडलं, तर पाचही जणं धपाधप पाण्यात! कोंबडी काठावर नुसती कासावीस. माझी पुतणी अकरावीला आहे. ‘पिल्लांनी आईच्या मागे जाणे हे उपजत वर्तन की शिकलेले?’ असा प्रश्न तिला सराव परीक्षेत आला. तिने ‘शिकलेले’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘उपजत’ म्हणून गुण कापला. खरं काय?
— सत्तरी तालुक्यातील एक वाचक

उत्तर : पुतणीचा गुण गेला याचं मलाही वाईट वाटलं, कारण तिचं उत्तर चुकलेलं नाही. प्रश्नच अर्धवट विचारला होता. तुमच्या अंगणात त्याचं पुरं उत्तर फिरतंय, तिथूनच सुरुवात करू.

आधी पाणी. कोंबडी जन्मात पाण्यात उतरलेली नाही, म्हणजे पिल्लांना पाहून शिकायला कोणी नव्हतं. तरी पहिल्याच संधीला पाचही जणं उतरली आणि पाय मारू लागली. कोणी न दाखवता, पहिल्याच वेळी आणि त्या जातीच्या सगळ्यांना जे जमतं, ते उपजत समजावं. आपल्या गोव्यात मोरजी किंवा गालजीबागच्या किनाऱ्यावर कासवाची पिल्लं वाळूतून वर येतात, तेव्हा अंडी घालून गेलेल्या आईला दीडदोन महिने झालेले असतात. रात्री समुद्राकडचं क्षितिज जास्त उजळ दिसतं, त्या उजेडाकडे ती धावतात. मागे किनाऱ्यावरच्या एखाद्या शॅकचा (खानावळीचा) दिवा जळत असला की तीच पिल्लं उलट जमिनीकडे वळतात. चुकांतून शिकायला त्यांना दुसरी रात्र मिळत नाही. म्हणून विणीच्या दिवसांत किनाऱ्यावरचे दिवे मालवा, असं मी कळकळीने सांगत असते.

इथे एक फसगत होते. उशिरा आलं ते शिकलेलं, असं आपण धरून चालतो. ‘पक्षीण पिल्लांना उडायला शिकवते’ हे वाक्य तर मी स्वतः शाळेत घोकलंय. १८७०च्या दशकात डग्लस स्पाल्डिंग या इंग्रज निरीक्षकाने पाकोळीची पिल्लं पंखही पसरता येणार नाहीत इतक्या लहान पेटीत वाढवली. वय झाल्यावर सोडली, तर ती उडाली. पंखांत बळ यायचा अवकाश होता, तालमीचा नव्हे.

आता मागे जाणं. याला इंप्रिंटिंग म्हणतात. मी वर्गात ‘ठसा’ म्हणायचे. प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोन्राड लोरेन्त्झ यांनी राजहंसाच्या जातीची पिल्लं स्वतःसमोर उबवली, तर ती त्यांच्याच मागे चालू लागली. १९७३चं नोबेल त्यांना कार्ल फॉन फ्रिश आणि निको टिनबर्गन यांच्याबरोबर मिळालं. पुढे एकहार्ड हेस या संशोधकांना मॅलार्ड जातीच्या बदकांत दिसलं की अंड्यातून बाहेर आल्यावर साधारण १३ ते १६ तासांत हा ठसा सगळ्यांत पक्का उमटतो. तुमच्या पिल्लांना त्या वेळात हलणारं, बोलावणारं कोण दिसलं? कोंबडी. बदकीखाली उबवली असती तर ती बदकीच्या मागे गेली असती.

म्हणजे कुणाच्या तरी मागे जायची ओढ उपजत, आणि कुणाच्या मागे जायचं ते शिकलेलं. पुतणीने दुसरा भाग लिहिला, तपासणाऱ्यांनी पहिला धरला. पुस्तकांत इंप्रिंटिंग शिकलेल्या वर्तनातच घालतात, हे तिने तपासणाऱ्यांना जरूर दाखवावं.

आणखी एक गोष्ट मला आजही थक्क करते. बदकीची हाक कधी न ऐकलेलं पिल्लूही तिच्या हाकेकडे वळतं, म्हणून हे वळणं शास्त्रज्ञ उपजतच मानत. गिल्बर्ट गॉटलिब या संशोधकांनी पिल्लाचा अंड्यातच आवाज बंद केला आणि त्याला इतरांपासून वेगळं ठेवलं. त्या पिल्लाला पुढे बदकीची हाक आणि कोंबडीची हाक यांतला फरकच कळेना. अंड्यातला स्वतःचा चिवचिवाट कानावर पडणं त्याला गरजेचं होतं. ‘उपजत’ या शब्दाखाली एवढं दडलेलं असतं.

निव्वळ शिकणं पाहायचं तर माझी मांजर बघा. मासे विकणाऱ्याचा हॉर्न वाजला की ती झोपेतून उठून मिशा चाटत पायरीवर येते. पाववाल्याच्या हॉर्नला कान हलवत नाही. हॉर्नला मुळात वास नाही की चव नाही. तो तारल्यांशी (त्या माशांशी) जोडला गेला, जेवणाआधीच्या खुणेनेच लाळ गाळू लागलेल्या, शास्त्रज्ञ पाव्हलॉव्हच्या कुत्र्याला झालं तसंच. पण नंतर ती माझ्या पायावर पंजा मारते ते वेगळं. एकदा पंजा मारला, तारल्याचं डोकं मिळालं, म्हणून आता रोज मारते. पहिल्यात ती काही करो न करो, मासे येतातच. दुसऱ्यात तिच्या कृतीचं फळ मिळतं. परीक्षेत मुलं इथेच गोंधळतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा आमच्याकडे तोच माणूस तोच हॉर्न वाजवत भाजी विकतो. दहाबारा दिवसांत मांजर उठेनाशी होते, आणि ऑगस्टमध्ये दोनच खेपांत पुन्हा पायरीवर हजर.

रस्त्याकडेच्या शेतातले बगळे गाड्यांना ढिम्म असतात, पण गाडी थांबवून माणूस उतरला की उडतात. हे सरावणं, तेही शिकणंच.

पुतणीला एक सुचवते. पुढच्या खेपेला बदकाची तीन अंडी आधी ठेवा आणि बरोबर सात दिवसांनी त्याच कोंबडीखाली तिची स्वतःची तीन. बदकाला २८ दिवस लागतात, कोंबडीला २१, म्हणजे सगळी एकदमच फुटतील. आई एक, अंगण एक, पाट एक. मग कोण काठावर थांबतं आणि कोण उतरतं, ते तिने तारीखवार वहीत लिहावं आणि मला कळवावं. पाणी मात्र चार बोटंच सोडा, आणि पिल्लं भिजली की उबेला घ्या. पहिल्या दिवसांत ती लवकर गारठतात.