चढताना भाता होतो, पण ऑक्सिमीटर तर ९७ दाखवतो!

प्रश्न : ताई, माझं वय ४६, बँकेत नोकरी, दिवसभर खुर्ची. दर रविवारी आम्ही चौघं मित्र आतकरवाडीतून सिंहगड चढतो आणि निम्म्यात माझ्या छातीचा भाता होतो. परवा एका मित्राने कोविडच्या वेळी घेतलेला ऑक्सिमीटर आणला होता, ताकवाल्या मावशींच्या शेजारी बसून लावला तर आकडा ९७! ऑक्सिजन एवढा भरपूर आहे तर मग दम कशाचा लागतोय? फुफ्फुसं कमजोर झालीत का? (वाचक, वारजे)

उत्तर : आधी एक सांगते, फार छान प्रश्न विचारलात. मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते आणि तिथेही पहिल्या दिवशी सगळ्यांना हेच वाटत असतं की दम लागला म्हणजे ऑक्सिजन संपला. तसं नसतं. निरोगी माणूस कितीही धापा टाकत असला तरी त्याच्या रक्तातला ऑक्सिजन सहसा खाली येत नाही, तुमचा ९७ अगदी बरोबर आहे. दम लागतो तो मुख्यतः कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकायचा असतो म्हणून. पायांचे स्नायू जितकं जास्त इंधन जाळतात तितका हा वायू जास्त तयार होतो, मेंदूच्या तळाशी त्यावर सतत पहारा असतो आणि जरा वाढला की तिथून श्वासाला हुकूम सुटतो. एरवी आपण मिनिटाला १२-१५ श्वास घेतो, एका श्वासात साधारण अर्धा लिटर हवा, म्हणजे मिनिटाला ६-८ लिटर, तीच जीव तोडून पळताना १०० लिटरच्या वर जाऊ शकते. आणि गंमत म्हणजे शरीर या वायूची वाटही बघत बसत नाही. डेन्मार्कचे ऑगस्ट क्रोग आणि योहानेस लिंडहार्ड यांनी १९१३ सालीच दाखवून दिलं होतं की काम सुरू केल्याबरोबर, रक्तात काही बदल पोचायच्या आत श्वास वाढतो. म्हणजे पायांना "चला" सांगताना मेंदू छातीलाही सांगून टाकतो.

मग अडतं कुठे? बहुतेकांचं फुफ्फुसांपाशी नाही, तिथे बरीच शिल्लक जागा असते. अडतं ते वाहतुकीत. हृदय बसल्या जागी मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त फिरवतं, म्हणजे अंगातलं जवळजवळ सगळं रक्त मिनिटाभरात एक फेरी मारून येतं. पूर्ण जोर लावला की साध्या माणसाचं हृदय २० लिटरपर्यंत जातं, कसलेल्या धावपटूचं ३५च्या आसपास. शिवाय वाटणीही बदलते, एरवी स्नायूंच्या वाट्याला रक्ताचा जेमतेम पाचवा हिस्सा येतो तो जोराच्या व्यायामात ८० टक्क्यांवर जातो, पोटाकडच्या आणि किडनीच्या रक्तवाहिन्या आकसतात, पायातल्या मोकळ्या होतात. मेंदूला मिळणारं रक्त मात्र कुणी कापत नाही. सवय नसलेल्या माणसाचं हृदय एका ठोक्यात कमी रक्त टाकतं म्हणून त्याला ठोकेच जास्त मारावे लागतात, स्नायूंमध्ये केशवाहिन्यांचं, म्हणजे केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांचं जाळंही विरळ असतं, मग मागणी वाढली की स्नायू ऑक्सिजनशिवायची कामचलाऊ पद्धत जास्त वापरतात, त्यातून रक्तात आम्ल वाढतं आणि ते आम्ल मारायला पुन्हा श्वास वाढतो. तुमचा भाता तिथून येतो.

चांगली बातमी ही की हे सगळं सुधारतं. रक्तातलं पाणी काही दिवसांत वाढतं, हृदयाचा एकेक ठोका काही आठवड्यांत दमदार होतो, केशवाहिन्या वाढायला मात्र महिने लागतात. पण नुसत्या रविवारच्या गडाने नाही होणार हो, मधे सहा दिवस खुर्ची आणि सातव्या दिवशी सहाशे मीटरची चढण हा शरीरावर अन्याय आहे. आठवड्यात तीन-चार दिवस अर्धा तास भराभर चाला, ऑफिसचे जिने चढा. मी स्वतः पर्वतीच्या १०३ पायऱ्यांवर मोजते. वर पोचल्याबरोबर मनगटावर बोटं ठेवून १५ सेकंद, मागच्या आठवड्यात ३७ ठोके म्हणजे मिनिटाला १४८ भरले, मग एक मिनिट सावकाश चालून परत मोजले तर २९, म्हणजे ११६. हे जे पटकन खाली येणं आहे ना ते लिहून ठेवा, तब्येत सुधारतेय का ते त्यात दिसतं.

आणि वर पोचल्यावर धपकन बसू नका. चालताना पोटऱ्या आवळतात-सुटतात तेव्हा त्या पायातलं रक्त वर ढकलत असतात, एकदम थांबलात तर रक्त खालीच साचतं आणि डोळ्यांपुढे अंधारी येते. दोन-तीन मिनिटं फिरत राहा, मग खुशाल मीठ घातलेलं ताक घ्या, घामात गेलेलं पाणी आणि मीठ दोन्ही त्यातून परत मिळतं. पिठलं-भाकरी खाल्ल्यावर मात्र तासभर तरी बसा, रक्त पोटाकडे वळलेलं असताना लगेच उतरायला लागलात तर ना धड पचतं ना धड पाय चालतात.

प्रश्न : मॅडम, मी ३४ वर्षांची, तिसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. भाजी घेऊन आले की दुसऱ्या मजल्यावर थांबावंच लागतं. घरचे म्हणतात व्यायाम कर. रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन ९.२ आलंय. ऑक्सिजन ९८ आहे म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. (वाचक, नाशिक)

उत्तर : अगं, घ्यायला हवं मनावर. ऑक्सिमीटर फक्त एवढंच सांगतो की ज्या बसगाड्या रस्त्यावर आहेत त्यातल्या किती सीट भरल्यात. गाड्याच कमी असतील तर ते तो सांगत नाही, आणि रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारी गाडी म्हणजे हिमोग्लोबिन. एक ग्रॅम हिमोग्लोबिन साधारण १.३४ मिली ऑक्सिजन उचलतं, म्हणजे १०० मिली रक्तात ते १३ ग्रॅम असेल तर ऑक्सिजन १७ मिलीच्या वर, तुझ्या ९.२ मध्ये जेमतेम १२. तेवढाच ऑक्सिजन पोचवायला हृदयाला जास्त फेऱ्या माराव्या लागतात, म्हणून जिन्यात धडधडतं. घरच्यांना हे वाचून दाखव, यात आळस वगैरे काही नाही. बाईचं हिमोग्लोबिन १२च्या खाली म्हणजे ॲनिमिया, आणि तो का झाला ते डॉक्टरांकडून शोधून घे, पाळीत जास्त रक्त जातं का तेही न लाजता सांग. गोळ्या दिल्या तर मधेच सोडू नकोस, हिमोग्लोबिन वर आलं तरी शरीरातला लोहाचा साठा भरायला पुढे काही महिने लागतात. जेवणावर लगेच चहा बंद, तासाभराने घे, चहा लोह शोषू देत नाही. डाळ, पालेभाजी, उसळ यावर लिंबू पिळायचं, लोखंडी कढई माळ्यावर असेल तर खाली काढ. सध्या घरातल्या घरात, सपाटीवर हळू चालणं पुरे, जिन्याशी झटापट नको.

प्रश्न : मी कोल्हापूर जिल्ह्यातला, पोलीस भरतीची तयारी करतोय. १६०० मीटरला पहिली फेरी जोरात जाते, मग बरगडीखाली कळ येते. उपाशी पळावं का? आणि दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ते लॅक्टिक ॲसिड घालवायला काय घेऊ? (वाचक, वय २१)

उत्तर : पहिली फेरी जोरात जाते हीच चूक आहे बाळा. पळायला लागल्यावर ऑक्सिजनची यंत्रणा पूर्ण लयीत यायला दीड-दोन मिनिटं लागतात, तोपर्यंत शरीर उसनवारीवर चालतं आणि तू पहिल्याच फेरीत इतकी उसनवारी करतोस की ती पुढे फेडता येत नाही. आधी १०-१५ मिनिटं वॉर्मअप कर, मधे दोन-चार छोट्या दौडी मार, म्हणजे यंत्रणा लवकर लयीत येते, आणि फेऱ्या सारख्या वेगाने काढ.

उपाशी पळायची गरज नाही. पाच-सहा मिनिटांच्या पळण्याला लागणारी साखर स्नायूंत आधीच भरलेली असते, स्नायूंत साधारण ४०० ग्रॅम आणि लिव्हरमध्ये १०० ग्रॅमच्या आसपास. ती रात्रीच्या भाकरी-भातातून येते, म्हणून आदल्या रात्री पोटभर जेव. सकाळी वेळ असेल तर दोन-तीन तास आधी पोहे, नाहीतर तासभर आधी एक केळं. पळायच्या तोंडावर पोट भरलं किंवा गोड सरबत ढोसलं की कळ जास्त येते. आली तर वेग कमी कर, खोल श्वास सोड, कळ येते तिथे हाताने दाब.

लॅक्टिक ॲसिडचं मनातून काढून टाक. जोरात पळताना स्नायूंत तयार होणारं ते आम्ल तासा-दोन तासांत रक्तातून साफ होतं, उलट हृदय आणि बाकीचे स्नायू तेच इंधन म्हणून वापरतात. दुसऱ्या दिवशीचं दुखणं हे स्नायूंच्या धाग्यांना झालेल्या बारीक इजेचं असतं, उतारावर पळाल्यावर जास्त, कारण तिथे स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो. त्यावर पावडर-बिवडर काही घेऊ नकोस. झोप पुरेशी घे, जेवणात डाळ, अंडी, दूध, शेंगदाणे असू दे, दुखतंय त्या दिवशी हलकं चाल.

प्रश्न : वय ६३. मुलाने घड्याळ दिलंय, त्यात २२० वजा वय करून १५७ येतं. मी कितीही जोरात चाललो तरी १०५च्या वर जात नाही. बीपीची गोळी चालू आहे. (वाचक, ठाणे)

उत्तर : काका, गोळीचं नाव बघून डॉक्टरांना विचारा, बीटा ब्लॉकर गटातली असेल तर ती हृदयाचे ठोके मुद्दाम आवरून धरते, मग घड्याळाचं गणित तुम्हाला लागूच नाही. तसाही तो आकडा सरासरीचा आहे, माणसागणिक १०-१२ ठोक्यांनी सहज इकडेतिकडे होतो. त्यापेक्षा सोबत्याशी बोलून बघा, बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाही इतपत वेग ठीक. मात्र चालताना छातीवर दडपण आलं, जबडा किंवा डावा हात दुखायला लागला, थंड घाम सुटला तर थांबा, आणि थांबल्यावर बरं वाटलं तरी घरी जाऊन पडू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठून ईसीजी काढून घ्या. दडपण थांबूनही जात नसेल तर १०८ला फोन लावा.