सोसणं नव्हे, राखणं

दांडिया बाजारातल्या एका ताईंनी विचारलंय: "आईला आमवात आहे. सकाळी बोटं इतकी आखडतात की चहाच्या डब्याचं झाकणही तिला निघत नाही. शरीराचा स्वतःच्याच ऊतींबद्दलचा टॉलरन्स बिघडलाय, असं डॉक्टर म्हणाले. मी 'सहनशीलता' म्हटलं, तर आई दुखावली. म्हणाली, एवढं सोसतेय ते काय कमी आहे? मग शब्द कोणता?"

ताई, आईंचं बरोबर आहे. मराठीत सहनशीलता म्हटली की सोसणं आलं, आणि सोसायचा तो त्रासच. सांध्याचं अस्तर प्रतिकारपेशींना काही त्रास देत नाही, मग त्यांनी सोसायचं काय? 'सहिष्णुता' आली त्याच 'सह्' धातूवरून, पण समोरच्याला त्याच्या जागी सुखाने राहू देणं ही छटा तिला वापराने मिळालीय. लेखनात मी 'स्वसहिष्णुता' वापरते. गुजरातीतही सहिष्णुताच आहे, म्हणजे आपल्या बडोद्यात दुहेरी सोय. सयाजीरावांच्या १९३१ सालच्या शासनशब्दकल्पतरूत, म्हणजे राज्यकारभाराच्या शब्दकोशात, आठ भाषांतले शब्द शेजारी शेजारी मांडले होते. मीही शब्द निवडताना आधी शेजारची भाषा बघते.

पण घरात बोलायला याहून चांगला शब्द आहे: आपपरभाव. एरवी तो नसणं हा माणसाचा गुण. शरीरात मात्र तो हवाच.

आता क्रियापद, आणि मला तेच जास्त महत्त्वाचं वाटतं. ही सहिष्णुता नुसती 'असत' नाही, ती राखावी लागते. टी पेशी हा प्रतिकारपेशींचा एक प्रकार. स्वतःवरच उठतील अशा बऱ्याचशा टी पेशी छातीतल्या थायमस ग्रंथीतच बाद होतात. काही सुटतात. त्यांना आवरतात नियामक टी पेशी. वाढीचा संकेत देणारं इंटरल्यूकिन-२ हे प्रथिन त्या स्वतःच शोषून घेतात, म्हणजे भडकू पाहणाऱ्या पेशींच्या वाट्याला ते कमी येतं. १९७०च्या दशकात 'सप्रेसर', म्हणजे दमन करणाऱ्या, पेशींची कल्पना गाजली आणि पुढे मागे पडली. १९९५ मध्ये शिमोन साकागुचींनी या आवरणाऱ्या पेशी ओळखण्याची खूण दाखवली, आणि पुढे रूढ झालं ते 'रेग्युलेटरी' हे नाव. २००१ मध्ये मेरी ब्रंको आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी, या पेशींना लागणाऱ्या फॉक्सपी-३ या जनुकातला बिघाड शोधला. त्या बिघाडाने लहान मुलांना गंभीर स्वप्रतिकार आजार होतो, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उठते. या तिघांना २०२५चं नोबेल मिळालं. म्हणून 'दमनकारी' नको, 'नियामक' घ्या. आणि बोलताना सरळ 'आवर घालणाऱ्या'.

आईंना असं सांगून बघा: "आई, तुझ्या प्रतिकारशक्तीचा आपपरभाव चुकतोय. तिला आवर राहिला नाही, म्हणून ती तुझ्याच सांध्यांवर उठलीय. सोसण्यात तू कुठेच कमी पडलेली नाहीस."