जुन्या ॲल्युमिनियमच्या स्नेअर ड्रमवरील क्रोमला फोड का येतात?

आपला प्रश्न असा आहे की, 1960 च्या दशकातील आपल्या लुडविग कंपनीच्या सुप्राफोनिक स्नेअर ड्रमच्या शेलवर, म्हणजे धातूच्या गोल अंगावर, आधी बारीक पांढरे ठिपके उमटले, मग फोड आले आणि आता काही ठिकाणी क्रोमचे पापुद्रे सुटत आहेत. वसईच्या त्याच घरात ठेवलेला तितकाच जुना पितळी ड्रम मात्र अजून लखलखीत आहे, तर असे का व्हावे आणि नव्याने प्लेटिंग करून घ्यावे का. मी पंचवीस वर्षे भोसरीत इलेक्ट्रोप्लेटिंगच्या कामात आहे आणि ड्रम त्याच्याही आधीपासून वाजवतो, त्यामुळे हा प्रश्न माझ्या अगदी जिव्हाळ्याचा आहे.

क्रोम खराब झाले असे आपण म्हणतो, पण खराब होते ते क्रोमखालचे ॲल्युमिनियम. ज्याला आपण क्रोम म्हणतो त्या लेपात क्रोमियमचा वाटा अगदी थोडा असतो. शोभेच्या प्लेटिंगमध्ये वरचा क्रोमियमचा थर साधारण 0.1 ते 0.5 मायक्रॉन एवढाच असतो. केसाची जाडी 70 मायक्रॉनच्या आसपास धरली, तर हा थर किती विरळ आहे हे लक्षात येईल. त्याच्याखाली निकेलचा थर असतो आणि खरी राखण तोच करतो. क्रोमियम स्वतः गंजाला दाद देत नाही, परंतु त्याच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगा आणि छिद्रे असतातच. निकेलचा थर जिथे पातळ किंवा सच्छिद्र राहिला असेल, तिथून ओलावा आणि मीठ आत झिरपते.

आत गेल्यावर काय घडते ते खालच्या धातूवर अवलंबून असते. ओलावा आणि मीठ यांच्या साथीने दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले, की तिथे एक लहानसा विद्युत घट तयार होतो आणि त्या दोघांपैकी जो अधिक क्रियाशील, तो झिजू लागतो. निकेलसमोर ॲल्युमिनियम फारच क्रियाशील आहे. शिवाय छिद्र टाचणीच्या टोकापेक्षा लहान आणि सभोवतालचा निकेल-क्रोमचा पृष्ठभाग भलामोठा असल्यामुळे झिजेचा सगळा भार त्या एका बिंदूवर येतो आणि खड्डा खोल जात राहतो. झिजलेल्या ॲल्युमिनियमचे जे पांढरे भुकटीसारखे संयुग बनते, ते मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. त्याला बाहेर पडायला वाट नसते, म्हणून ते वरचा लेप उचलून धरते. आपल्याला दिसतो तो फोड हाच. पितळ आणि निकेल यांच्यात एवढी तफावत नाही, त्यामुळे पितळी शेलवर फार तर हिरवट ठिपके पडतात किंवा क्रोम घासून जाते, पण लेप असा उचलला जात नाही.

यात ॲल्युमिनियमचा आणखी एक स्वभाव आडवा येतो, आणि आमच्या धंद्यात त्याचा धाक सगळ्यांनाच असतो. उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडची साय धरते आणि त्या सायीवर प्लेटिंग बसत नाही. म्हणून जॉब, म्हणजे प्लेटिंगला आलेली वस्तू, आधी झिंकेटच्या द्रावणात बुडवावा लागतो. त्यात ती साय विरघळते आणि तिच्या जागी जस्ताचा अतिशय पातळ थर बसतो. मग सहसा तांबे, त्यावर निकेल आणि शेवटी क्रोम. चांगले कारागीर पहिले झिंकेट नायट्रिक ॲसिडमध्ये काढून टाकून दुसऱ्यांदा देतात, कारण दुसरा थर अधिक बारीक आणि घट्ट बसतो. यातील कोणत्याही टप्प्यावर तेलाचा अंश राहिला किंवा धुण्यात कसूर झाली, तरी जॉब बाहेर येताना निर्दोषच दिसतो. पकड सुटल्याचे कळायला वर्षे जातात. त्यामुळे शेजारी शेजारी ठेवलेल्या एकाच मॉडेलच्या दोन ड्रमपैकी एक स्वच्छ आणि एक फोडांनी भरलेला असे दृश्य नेहमी दिसते.

या सगळ्याचा पुरावा त्याच कंपनीच्या मालात आहे. शिकागोत बनलेल्या सुरुवातीच्या काही सुप्राफोनिकचे शेल पितळी होते, आणि त्यांचे क्रोम आजही बहुधा शाबूत असते. त्याच दशकातील ॲक्रोलाइट हा ड्रम ॲल्युमिनियमचाच, पण त्यावर प्लेटिंग नाही, ॲनोडायझिंग आहे. म्हणजे ॲल्युमिनियमच्याच ऑक्साइडची साय मुद्दाम जाड केलेली आहे. तिथे दुसरा धातूच नसल्याने घट तयार होत नाही आणि सुटायला पापुद्राही नाही. स्वस्त म्हणून शिकाऊ मुलांच्या हाती दिला गेलेला तो ड्रम दिसायला आज पुष्कळदा अधिक नीट असतो, याचे मला अजूनही नवल वाटते.

माझ्या स्वतःच्या सुप्राफोनिकवरील सुटलेला एक पापुद्रा मी दहा पट भिंगाखाली पाहिला होता. कांद्याच्या सालीसारखा तो कडेने वळलेला होता, वरून आरसा आणि खालून मंद राखाडी. त्याच्या जागी शेलवर मिठाच्या दाण्याएवढा खड्डा आणि त्यात पांढरी भुकटी होती. तो खड्डा लगच्या, म्हणजे कातडे ताणणारे स्क्रू ज्यात बसतात त्या शेलवरील तुकड्याच्या, अगदी कडेला होता, आणि बहुतेक वेळा सुरुवात तिथेच होते. लगच्या खाली, हूपच्या (कातडे दाबून धरणाऱ्या कड्याच्या) आत, स्ट्रेनरच्या (खालच्या तारा ताणणाऱ्या खटक्याच्या) स्क्रूभोवती आणि क्रॉस-स्टिक, म्हणजे काठी आडवी धरून कड्यावर ठोका, वाजवताना डाव्या हाताचा तळवा टेकतो त्या बाजूला घामातील मीठ साचते. वसईत त्यात खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांची भर पडते, आणि फोमचे अस्तर असलेल्या बंद केसमध्ये ती ओल अडकून राहते.

त्यामुळे वाजवून झाल्यावर ड्रम कोरड्या मऊ कापडाने पुसून उघडा वाळू द्यावा आणि मगच केसमध्ये ठेवावा. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या पावसाळ्यात वरचेवर बदलाव्यात. वर्षातून एकदा लग आणि हूप काढून खालची जागा स्वच्छ करावी आणि मेणाचा पातळ हात द्यावा. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, तारेची घासणी यांपैकी काहीही शेलला लावू नये, आणि फोड नखाने उकरण्याचा मोह तर अजिबात होऊ देऊ नये, कारण उकरलेल्या फोडाच्या कडेखालून ओलावा पुढे सरकतो. आलेले फोड बसणार नाहीत. पसरण्याचा वेग मात्र बराच कमी होतो.

नव्याने प्लेटिंग करून घेऊ नका, असे मी धंद्यात असूनही सांगतो. जुना लेप ॲसिडमध्ये काढताना पातळ शेलचे ॲल्युमिनियमही खाल्ले जाते, आणि खड्डा प्लेटिंगने भरत नाही, उलट चकाकीमुळे जास्त उठून दिसतो. बफिंग करून खड्डे घालवायचे म्हटले, तर शेलची जाडी जाते. आमच्याकडे असा एक शेल आला होता; मालकाच्या आग्रहाखातर काम केले, आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच खड्ड्यांच्या कडांवर पुन्हा फोड दिसले. घरी ॲसिड वापरून क्रोम काढण्याच्या भानगडीत तर पडूच नये, कारण त्यातून निघणारी क्रोमियमची संयुगे विषारी असू शकतात. आवाजाची काळजी असेल तर ती सोडून द्या. एवढ्या पातळ लेपाने शेलच्या नादात फरक पडलेला माझ्या कानाला कधी जाणवला नाही, आणि रेकॉर्डिंगला मी माझा फोडांचा ड्रमच नेतो. हूप पोलादी असतील आणि त्यांवर तांबूस गंज असेल, तर ते मात्र खुशाल प्लेटिंगला द्या किंवा बदला. पोलादावर क्रोम नीट बसते, आणि काढलेले मूळ हूप केसच्या तळाशी जपून ठेवले म्हणजे ड्रमची किंमतही राहते.