काळ्या कोटाआधीचा माणूस: वाचकांचे प्रश्न

२०२५च्या मे महिन्यात अतुल चांदूरकर मुंबई उच्च न्यायालयातून सर्वोच्च न्यायालयात गेले, त्याच महिन्यात भूषण गवई सरन्यायाधीश झाले आणि ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच (फिरतं खंडपीठ) सुरू झालं. तेव्हापासून ‘हे न्यायमूर्ती आधी काय करत होते?’ असं विचारणारी पत्रं वाढली आहेत. त्यातली पाच आज घेतो.

मी विदर्भातल्या एका साध्या कॉलेजात एलएलबीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ना एनएलयू (राष्ट्रीय विधी विद्यापीठ), ना परदेशी पदवी. उच्च न्यायालयाचं स्वप्न बघणं म्हणजे खुळेपणा आहे का, सर? (विद्यार्थी, यवतमाळ)

अजिबात नाही. गवईंचंच घ्या. अमरावतीत फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या मराठी शाळेत सुरुवात, मग अमरावतीतच बी.कॉम. आणि कायदा. १९८५ला वकिली सुरू केली ती राजा भोसले यांच्या हाताखाली. हे भोसले महाराष्ट्राचे माजी महाधिवक्ता (राज्य सरकारचे सर्वोच्च वकील) आणि उच्च न्यायालयाचे माजी न्यायमूर्ती. पुढे गवई नागपूर खंडपीठात आले. नागपूर आणि अमरावती महापालिकांची, अमरावती विद्यापीठाची कामं केली, सरकारी वकील झाले आणि २००३ला न्यायमूर्ती. प्रसन्न वराळे निपाणीत जन्मले, शिकले मराठवाडा विद्यापीठात, वकिली औरंगाबादला. मध्ये दोन वर्षं तिथल्याच आंबेडकर लॉ कॉलेजात शिकवलंही. अभय ओक यांनी पहिले धडे ठाणे जिल्हा न्यायालयात वडिलांच्या चेंबरमध्ये गिरवले. तिघेही सर्वोच्च न्यायालयात पोचले. सेंट स्टीफन्स, दिल्लीचं लॉ सेंटर आणि मग हार्वर्डची डॉक्टरेट असा धनंजय चंद्रचूड यांचा रस्ता वेगळा होता, पण गवई आणि ते सरन्यायाधीशाच्या एकाच खुर्चीवर बसले.

राहिला प्रश्न एनएलयूचा. बंगळुरूच्या पहिल्या राष्ट्रीय विधी विद्यालयाची पहिली तुकडी १९९३ला बाहेर पडली. तिथली मुलं आत्ता कुठे पन्नाशी ओलांडताहेत, त्यामुळे सर्वोच्च न्यायालयाच्या यादीत तो शिक्का अजून दिसत नाही. पुढच्या दहा वर्षांत दिसेल.

मी स्वतः नव्या न्यायमूर्तींचा परिचय वाचताना पदवीची ओळ ओलांडून पुढे जातो. कोणाच्या चेंबरमध्ये ज्युनिअर होते आणि कुठल्या प्रकारचं काम केलं, हे आधी बघतो. मुंबईत तर एक तिसरा प्रश्नही असतो: ओरिजिनल साइडचे की अपेलेट साइडचे? ओरिजिनल साइड म्हणजे मुंबई शहरातले मोठे दिवाणी दावे थेट उच्च न्यायालयात चालतात ती बाजू. सॉलिसिटरने ब्रीफ (खटल्याचे कागद) द्यायचं, कौन्सेलने (युक्तिवाद करणाऱ्या वकिलाने) उभं राहायचं, असा तिथला रिवाज. अपेलेट साइडला जिल्ह्यांतून अपिलं येतात: वाटणीचे दावे, कुळकायदा, भूसंपादन, शिक्षकांच्या नोकऱ्या, फौजदारी अपिलं. या दोन बाजूंचा पूर्वी रोटीबेटी व्यवहार नव्हता म्हटलं तरी चालेल. साताऱ्याचे प्र. बा. गजेंद्रगडकर संस्कृतचे एम.ए., डेक्कन कॉलेजचे; १९२६ला अपेलेट साइडला वकिली सुरू केली आणि १९६४ला सरन्यायाधीश झाले. बॅरिस्टरकीचा शिक्का त्यांच्या नावापुढे नव्हता.

चांदूरकरांच्या परिचयात मला अशीच एक ओळ भावली. नगरपरिषद कायद्यावर आणि महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यावर त्यांनी पुस्तकं लिहिली आहेत. नगरपालिका आणि भाडेकरू! याहून रुक्ष विषय शोधून सापडणार नाहीत, पण अपिलात येणारा महाराष्ट्र बराचसा याच दोन कायद्यांतून येतो.

तेव्हा तुम्ही कॉलेजच्या नावाची काळजी सोडा आणि ज्युनिअर म्हणून कोणाकडे जायचं याची करा. पदव्यांची हौस मागाहूनही भागते. गवईंनंतर सरन्यायाधीश झालेले सूर्य कांत यांनी वकिली हिसारच्या जिल्हा न्यायालयात सुरू केली. एलएलएम केलं ते २०११मध्ये, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती असताना, आणि त्यात पहिले आले.

मी जेएमएफसीची (प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी परीक्षेची) तयारी करते आहे. खालून सुरुवात केलेला न्यायाधीश वरपर्यंत जातो का? (वाचक, लातूर)

उच्च न्यायालयापर्यंत जातो. साधारण एक तृतीयांश जागा जिल्हा न्यायाधीशांमधून आणि दोन तृतीयांश वकिलांमधून, असा प्रघात आहे. अडचण वयाची. उच्च न्यायालयाची निवृत्ती बासष्टाव्या वर्षी. तिशीच्या आत कनिष्ठ स्तरावर लागलेला न्यायाधीश एकेक पायरी चढत, बदल्या झेलत उच्च न्यायालयाच्या दारात येतो तेव्हा हातात फार तर चार-पाच वर्षं उरतात. पंचेचाळिशी-पन्नाशीत थेट वकिलीतून आलेला सहकारी त्याच्या कितीतरी पुढे निघून जातो, आणि सर्वोच्च न्यायालय ज्येष्ठतेकडे बघतं. केरळच्या फातिमा बीवींनी १९५८ला मुन्सफ (खालच्या पायरीचा दिवाणी न्यायाधीश) म्हणून सुरुवात केली, १९७४ला त्या जिल्हा न्यायाधीश झाल्या, १९८३ला उच्च न्यायालयात गेल्या. तिथून निवृत्त झाल्यावर, १९८९मध्ये, सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. असं उदाहरण क्वचितच.

तुमच्या कामाच्या दोन गोष्टी. २० मे २०२५च्या निकालाने कनिष्ठ स्तरासाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये घटनापीठाने सांगितलं की वकिली आणि न्यायाधीशपद मिळून सात वर्षं भरत असतील, तर सेवेतला न्यायाधीशही जिल्हा न्यायाधीशाच्या थेट भरतीला बसू शकतो. वय मात्र किमान पस्तीस हवं. चढाची वाट यामुळे बरीच आखूड झाली आहे.

सगळी घराणीच आहेत हो! वडील न्यायमूर्ती, मुलगा न्यायमूर्ती. नाहीतर पक्षाची माणसं. आम्ही विश्वास कशावर ठेवायचा? (निवृत्त शिक्षक, सातारा)

गुरुजी, ‘सगळी’ नाहीत, पण आहेत. यशवंतराव आणि धनंजय चंद्रचूड ही जोडी तुम्हाला ठाऊकच आहे. उदय लळित सोलापूरचे. त्यांचे वडील मुंबई उच्च न्यायालयात अतिरिक्त न्यायमूर्ती होते. सुजाता मनोहर १९७८ला मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायमूर्ती झाल्या. त्यांचे वडील गुजरातचे मुख्य न्यायमूर्ती. यांच्यापैकी कोणाची लायकी काढायची माझी हिंमत नाही. पण वडिलांची लायब्ररी, पहिली ब्रीफं आणि आडनावाची ओळख या तीन गोष्टी घरात असल्या, की पहिली दहा वर्षं सोपी जातात. तालुक्याहून आलेल्या मुलाची तीच दहा वर्षं भाडं भरण्यात जातात. निवड करणाऱ्यांच्या, म्हणजे ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाच्या (कॉलेजियमच्या), नजरेत तर तोच वकील येतो, जो त्यांच्यासमोर रोज उभा राहतो. मे २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायमूर्तिपदासाठीच्या अलीकडच्या शिफारशींची माहिती जाहीर केली, तेव्हा न्यायमूर्तींशी नातं असलेली नावं कोणती, हेही सांगितलं. उशीर झाला, पण चांगलं केलं.

पक्षाचं म्हणाल, तर घटनेत त्याला बंदी नाही. कृष्ण अय्यर १९५७च्या केरळ सरकारात मंत्री होते; पुढे न्यायमूर्ती म्हणून कैद्यांच्या हक्कांवर त्यांनी जे लिहिलं ते आजही वाचलं जातं. २०२५मध्ये मुंबई उच्च न्यायालयासाठी आरती साठे यांच्या नावाची शिफारस झाली, तिच्यावरून वाद झाला. त्या भाजपच्या प्रवक्त्या होत्या, आणि ते पद व सदस्यत्व त्यांनी २०२४च्या सुरुवातीलाच सोडलेलं होतं. अशा वादात न्यायालय पात्रता (घटनेतल्या अटी पुऱ्या होतात का) तपासतं, योग्यतेत (माणूस पदाला साजेसा आहे का) शिरत नाही. मद्रासच्या एका नेमणुकीवर २०२३मध्ये तेच झालं. माझं मत असं की राजकीय भूतकाळ अडथळा मानू नये, पण शिफारशीच्या कागदावर तो आणि त्याचा केलेला विचार दोन्ही स्वच्छ लिहावेत. वाद मग वर्तमानपत्रातून सुरू होणार नाही.

इथे अमेरिकेत कायद्याचे प्राध्यापक थेट अपिली न्यायालयात जातात. आपल्याकडे का नाही? (वाचक, न्यू जर्सी)

कागदावर जातात! घटनेच्या कलम १२४मध्ये ‘विख्यात कायदेपंडित’ असा तिसरा दरवाजा सर्वोच्च न्यायालयासाठी ठेवलेला आहे. आजवर त्यातून एकही माणूस आत आलेला नाही. उच्च न्यायालयासाठी तसाच दरवाजा बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उघडला आणि चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने बंद केला. तुमच्याकडे एमी कोनी बॅरेट नोत्र दामला शिकवत होत्या, तिथून २०१७ला सातव्या सर्किटच्या अपिली न्यायालयात गेल्या. आपल्याकडे मात्र कायदा कोर्टात घासल्याशिवाय येत नाही अशी बारची (वकीलवर्गाची) पक्की समजूत आहे, आणि निवडणारे सगळे त्याच बारमधून आलेले. घटनेचा अर्थ लावायचा असतो तिथे एखादा आयुष्यभर वाचलेला माणूस बसला तर काय बिघडेल, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

अतिरिक्त न्यायमूर्ती म्हणजे दुय्यम का? (वाचक, मडगाव)

नाही. अधिकार तेच, पगार तोच. फक्त नेमणूक जास्तीत जास्त दोन वर्षांची, पुढे कायम व्हायचं. गवई आणि ओकही आधी अतिरिक्तच होते.