थायरॉईडची गाठ, आवाजाची नस आणि कॅल्शियम : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझ्या सासूबाईंचे वय ५८ वर्षे आहे. त्यांच्या गळ्याच्या डाव्या बाजूला बऱ्याच वर्षांपासून थायरॉईडची गाठ आहे आणि ती हळूहळू वाढत गेली आहे. रक्तातील थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आहे, सुईने घेतलेल्या नमुन्यातही कर्करोग आढळला नाही. तरीही डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवले आहे, कारण अलीकडे दोरीवर कपडे वाळत घालताना हात वर केले की त्यांचा चेहरा लालसर होतो आणि घुसमटल्यासारखे वाटते. त्या गावच्या भजनी मंडळात गातात, कार्तिकातला काकडा कधी चुकवत नाहीत. गळ्याचे ऑपरेशन केले की आवाज जातो, असे शेजारी सांगतात, म्हणून त्या तयार होत नाहीत. शिवाय ऑपरेशननंतर कॅल्शियम तपासावे लागेल असे डॉक्टर म्हणाले. गळ्याचा आणि कॅल्शियमचा काय संबंध?
— एक वाचक, परळी वैजनाथ

उत्तर : सासूबाईंची भीती निराधार आहे, असे मी म्हणणार नाही. आवाजाची नस थायरॉईड ग्रंथीच्या अगदी पाठीमागून जाते. मात्र ती नेमकी कुठून जाते आणि तिला जपण्यासाठी सर्जन काय करतात हे समजले, तर शेजाऱ्यांनी सांगितलेला धोका आणि प्रत्यक्षातला धोका यांतील अंतर तुमचे तुम्हालाच दिसेल.

आधी ग्रंथीची जागा पाहू. आरशासमोर उभे राहून हनुवटी किंचित वर करा आणि गळ्याच्या मधोमध बोट ठेवून ते हळूहळू खाली आणा. प्रथम कंठमण्याचे टोक लागते, त्याखाली लहानसा खळगा, मग क्रिकॉईड नावाची कूर्चेची टणक कडी, आणि तिच्याखाली श्वासनलिका सुरू होते. श्वासनलिकेच्या दुसऱ्या ते चौथ्या कडीवर थायरॉईडचा मधला अरुंद पट्टा आडवा बसलेला असतो. त्याच्या दोन्ही अंगांना सुमारे ५ सेंटिमीटर लांबीचा एकेक खंड असतो. निरोगी प्रौढ माणसात संपूर्ण ग्रंथीचे वजन १५ ते २५ ग्रॅमच भरते, त्यामुळे ती एरवी नजरेत येत नाही. मागच्या बाजूने ती घट्ट तंतूंनी क्रिकॉईडला आणि श्वासनलिकेला बांधलेली असल्यामुळे गिळताना स्वरयंत्राबरोबर वर सरकते. डॉक्टर तपासताना पाण्याचा घोट घ्यायला लावतात तो याचसाठी.

आता रिपोर्ट नॉर्मल असूनही ऑपरेशन का, हे पाहू. ग्रंथीच्या पुढच्या बाजूला पट्टीसारखे स्नायू आहेत. त्यांतला एक स्नायू कंठमण्याच्या कूर्चेवर तिरकस चिकटलेला असल्याने वाढणाऱ्या गाठीला वर जायला फारशी जागा उरत नाही. खाली मात्र वाट मोकळी असते आणि गाठ छातीच्या हाडामागे उतरू लागते. तिथे पुढे छातीचे हाड, मागे पाठीचा कणा आणि बाजूला पहिल्या फासळ्या अशी हाडांची कडी आहे. याच कडीतून श्वासनलिका, अन्ननलिका आणि डोक्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरा जातात. हात वर केले की ही जागा आणखी आवळते, शिरांमधील रक्त तुंबते आणि चेहरा लाल होतो. १९४६ मध्ये पेंबर्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी या लक्षणाची नोंद केली आणि आजही ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते. कपडे वाळत घालताना सासूबाईंना होणारा त्रास हुबेहूब तसाच दिसतो. गाठ कर्करोगाची नाही, ही समाधानाची गोष्ट आहे, पण तिने अडवलेली जागा रिपोर्टमुळे मोकळी होत नाही. मान आणि छातीचा सीटी स्कॅन अजून झाला नसेल तर तो अवश्य करून घ्यावा. गाठ किती खाली उतरली आहे आणि श्वासनलिका किती दबली आहे हे त्यातून स्पष्ट कळेल. बसल्या जागी धाप लागू लागली किंवा श्वास घेताना घरघर येऊ लागली, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच मोठ्या रुग्णालयात जावे.

आवाजाच्या नसेचा मार्ग शरीरातील मोठ्या आश्चर्यांपैकी एक आहे, असे मला नेहमी वाटते. स्वरयंत्राला हलवणारी ही नस मेंदूकडून थेट स्वरयंत्राकडे जात नाही. व्हेगस नावाच्या मोठ्या नसेसोबत ती गळ्यातून खाली उतरते. डावी नस छातीत जाऊन महाधमनीच्या कमानीला वळसा घालते, तर उजवी नस उजव्या हाताकडे जाणाऱ्या धमनीला मानेच्या तळाशीच वळसा घेते. मग दोन्ही नसा पुन्हा वर येतात आणि श्वासनलिका व अन्ननलिका यांच्यामधील खाचेतून, थायरॉईडच्या खंडांना मागून घासत, स्वरयंत्रात शिरतात. या दोन्ही नसा कापल्या की आवाज बंद होतो, हे ग्रीक वैद्य गॅलेन यांनी दुसऱ्या शतकात डुकरांवर प्रयोग करून दाखवले होते.

शस्त्रक्रियेत ही नस सुमारे दोन मिलिमीटर जाडीच्या पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते आणि तिच्या अंगावरून केसासारखी बारीक लाल रक्तवाहिनी धावताना दिसते. पूर्वी काही सर्जन नसेच्या वाटेलाच जाऊ नये असे मानत. आज आधी नस शोधून डोळ्यांनी पाहायची आणि मगच ग्रंथी सोडवायची, ही सर्वमान्य पद्धत आहे. सर्वात जपावे लागते ते नस स्वरयंत्रात शिरते त्या शेवटच्या सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरमध्ये, कारण ग्रंथीला बांधून ठेवणारे घट्ट तंतू तिथेच असतात. अनुभवी हातांत कायमची इजा साधारणपणे शंभरात एक-दोघांना किंवा त्याहूनही कमी जणांना होते. नस ताणली गेल्यामुळे काही आठवडे किंवा काही महिने आवाज घोगरा राहणे यापेक्षा अधिक वेळा घडते, पण तो आवाज बहुधा परत येतो. एका बाजूच्या नसेला इजा झाली तरी माणूस मुका होत नाही, आवाज बसका आणि दमल्यासारखा होतो. दोन्ही बाजूंना इजा झाली तर श्वासाचाच प्रश्न उभा राहतो, परंतु ते फार विरळा.

सासूबाई गातात म्हणून आणखी एका नसेबद्दल सांगणे मला आवश्यक वाटते. ग्रंथीच्या वरच्या टोकाला रक्त पुरवणारी धमनी जिथे येते, तिथेच जवळून एक बारीक नस क्रिकोथायरॉईड नावाच्या स्नायूकडे जाते. हा स्नायू स्वररज्जू ताणून स्वर उंच नेतो. ही नस दुखावली तर रोजच्या बोलण्यात फरक जाणवणारही नाही, पण तार सप्तकातले स्वर लागत नाहीत आणि आवाज लवकर थकतो. म्हणून ‘मी भजन गाते’ हे सासूबाईंनी सर्जनला स्वतः आणि स्पष्ट सांगावे. शस्त्रक्रियेपूर्वी दुर्बिणीने स्वररज्जूंची हालचाल तपासून घ्यावी, कारण इतक्या जुन्या गाठीने एखादी नस आधीच दाबलेली असू शकते. नसेच्या तपासणीचे यंत्र शस्त्रक्रियेत वापरतात का, हेही विचारावे. ते असल्यास मदतच होते, पण नस ओळखण्याच्या सर्जनच्या अनुभवाची जागा ते घेऊ शकत नाही.

कॅल्शियमचा संबंध ग्रंथीच्या पाठीला चिकटलेल्या चार परावटू (पॅराथायरॉईड) ग्रंथींशी आहे. मसुरीच्या दाण्याएवढ्या, पिवळसर तपकिरी रंगाच्या या ग्रंथी आसपासच्या चरबीत सहज लपतात. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांना त्या प्रथम दिसल्या त्या लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या एका भारतीय गेंड्याच्या शवविच्छेदनात. माणसातल्या या ग्रंथींचे वर्णन स्वीडनच्या इवार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये केले. रक्तातील कॅल्शियमची पातळी राखणे हे त्यांचे काम. थायरॉईड काढताना या ग्रंथी जागेवर राहिल्या तरी त्यांचा रक्तपुरवठा काही काळ कमी पडू शकतो, कारण तो बहुतांशी थायरॉईडच्याच खालच्या धमनीतून येतो. मग पहिल्या दोन-तीन दिवसांत ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, हातांत पेटके येतात. असे झाले तर लगेच सांगावे. गोळ्यांनी किंवा शिरेतून कॅल्शियम देऊन ते आटोक्यात येते आणि बहुतेकांच्या ग्रंथी काही आठवड्यांत पूर्ववत काम करू लागतात. एखादी ग्रंथी काळवंडलेली दिसली, तर सर्जन तिचे बारीक तुकडे करून मानेच्याच स्नायूत रुजवतात.

गाठ फक्त डाव्या खंडात असेल आणि तेवढाच खंड काढायचा असेल, तर उजवीकडची नस आणि उजवीकडच्या दोन परावटू ग्रंथींना हातच लागत नाही; धोका निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे ‘अर्धी काढणार की पूर्ण?’ हा तुमचा पहिला प्रश्न असावा. पूर्ण काढल्यास थायरॉक्सिनची गोळी रोज सकाळी उपाशीपोटी जन्मभर घ्यावी लागते. ती बंद करून चालत नाही.

प्रश्न : आमच्या शाळेतील एका आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्याच्या मधोमध, कंठमण्याच्या वर, गोटीएवढी गाठ आहे. ती दुखत नाही. जीभ बाहेर काढली की गाठ वर सरकते. हा गलगंड आहे का?
— एक शिक्षक, जिंतूर

उत्तर : आपले निरीक्षण नेमके आहे आणि निदान बहुधा त्यातच दडलेले आहे. गर्भात थायरॉईड जिभेच्या मुळाशी तयार होते आणि तिथून एका नळीवाटे गळ्यात खाली उतरते. ही नळी जन्मापूर्वी बुजून जाते. एखादा भाग उघडा राहिला तर पुढे तिथे द्रवाची पिशवी होते. ही नळी जिभेशी जोडलेली असल्यामुळे जीभ बाहेर काढताच गाठ वर ओढली जाते. गलगंड गिळताना हलतो, जीभ काढल्याने सहसा हलत नाही. अशी पिशवी पिकू शकते, म्हणून ती शस्त्रक्रियेने काढतात आणि तिच्यासोबत जिभेखालच्या हायॉईड हाडाचा मधला तुकडाही काढतात, नाहीतर ती पुन्हा होण्याचा संभव असतो. पालकांना एवढे मात्र जरूर सांगा की, शस्त्रक्रियेपूर्वी मुलाच्या गळ्याची सोनोग्राफी करून थायरॉईड आपल्या जागी आहे याची खात्री करून घ्यावी, कारण क्वचित एखाद्या मुलात ती गाठ हीच त्याची एकमेव थायरॉईड असते.