फोडणी मात्र देऊ नका

प्रश्न : मावशी, माझा मुलगा मित्रांबरोबर व्हिएतनामला जाऊन आला. तिथे रोज सकाळी फुटपाथवर बुटक्या स्टुलावर बसून ‘फो’ नावाचं सूप खायचा म्हणे. आता सकाळी पोहे पुढे केले की तोंड वाकडं करतो. घरी अर्ध्या तासात होईल असं काही सांगाल का? आमच्याकडे चिकन चालतं, बीफ चालत नाही.
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : आधी नावाचं बघू. आपण फो लिहितो, पण तिथली माणसं ‘फ’च्या जवळचं काहीतरी म्हणतात, तेही सूर खाली नेऊन परत वर उचलत, प्रश्न विचारल्यासारखं. मुलाला म्हणायला लावा, जरा गंमत होईल.

अर्ध्या तासाचं वचन मी देणार नाही. पाऊण तास धरा. तिकडे हाडं तासन्‌तास मंद आचेवर ठेवतात, आपण कुकर लावणार. आणि बीफचं म्हणाल, तर चिकनचा फ ही काही आपण काढलेली पळवाट नाही, तिथेही तो घरोघर होतो.

मी बावीस वर्षं मेस चालवली. रविवारी मटण शिजलं की पोरं ताटावर बसण्याआधी वाटीभर अळणी, म्हणजे तिखट-मसाला पडण्याआधीचं मटणाचं पाणी, मागायची. फ त्याच घराण्यातला. अळणी जमते त्या बाईला फ जमायलाच पाहिजे. अडतो तो आपला हात. पहिल्यांदा केला तेव्हा मी सवयीने आलं-लसूण वाटून घातलं, चिमूटभर हळद टाकली, आणि शेवटी राहवेना म्हणून वरून फोडणी ओतली. झाला पातळ रस्सा! चांगला होता, भाकरी चुरून संपवला, पण तो फ नव्हता.

चौघांसाठी चिकनच्या हाडासकट तंगड्या घ्या, सहाशे ग्रॅम. छातीचे तुकडे नकोत, कुकरमध्ये त्यांचा दोरा होतो. तंगड्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं ठेवा, वर करडा फेस येईल, ते पाणी सरळ ओतून द्या. सोलापुरात पाणी ओतून द्या म्हणताना माझीही जीभ अडखळते, पण सूप नितळ हवं असेल तर इथे काटकसर नको.

तेवढ्यात एक मोठा कांदा सालासकट अर्धा करा आणि दोन बोटं आल्याबरोबर थेट गॅसच्या जाळावर धरा. काळ्या मसाल्याला कांदा-खोबरं भाजतो तसंच. बाहेरून कोळसा झाला पाहिजे, आतून मऊ. मग काळं साल सुरीने खरवडून टाका. वाटायचं मात्र नाही, अख्खंच कुकरमध्ये घालायचं. नितळ पाण्याला रंग आणि गोडवा येतो तो या जळक्या कांद्याने.

मसाला तुमच्या डब्यात आहेच : चक्रफूल दोन, दालचिनी दोन इंच, लवंगा तीन, मसाला वेलदोडा एक, धणे चमचाभर. तेलाचा थेंब न घालता तव्यावर वास सुटेपर्यंत भाजा आणि फडक्यात पुरचुंडी बांधा. चक्रफूल दोनाच्या वर नको. एकदा मी चार टाकली, तर आमचे हे म्हणाले, खोकल्याचं औषध चांगलं झालंय. पुरचुंडीबरोबर सुपारीएवढी खडीसाखर घाला. तिकडेही खडीसाखरच घालतात. आपल्याकडे ती देव्हाऱ्यात असते, देवाला सांगून घ्या.

पावणेदोन लिटर पाणी, दीड चमचा मीठ, एक शिट्टी, मग गॅस अगदी बारीक करून पंधरा मिनिटं. कुकर आपोआप गार होऊ द्या. घाईने वाफ काढली की आतलं पाणी एकदम उसळतं आणि सूप गढूळ होतं. मग गाळून घ्या आणि चिकनचे धागे सोडवून ठेवा.

आता फिश सॉस. मासे मिठात महिनोन्‌महिने मुरवून काढलेलं हे पाणी. दोन मोठे चमचे, गॅस बंद केल्यावर. बाटली उघडल्यावर घाबरू नका. आमच्या घरी फ्रिजमागे उंदीर मेला असेल म्हणून फ्रिज ओढून झाला होता. सुपात गेल्यावर तो वास राहत नाही, चव तेवढी उरते. नसेलच मिळत तर सोया सॉस, पण एकच चमचा, नाहीतर सूप काळं पडतं. नुसतं चाखल्यावर सूप किंचित खारट लागलं पाहिजे, कारण नूडल्सना मीठ नसतं.

नूडल्स तांदळाच्या, चपट्या. अडीचशे ग्रॅमचं पाकीट पुरतं. नाही मिळाल्या तर तांदळाच्या शेवया घ्या, गव्हाच्या नकोत. कोमट पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं भिजवायच्या, वाढताना उकळत्या पाण्यात मिनिटभर बुचकळायच्या. सुपात शिजवल्या तर सगळं सूप पिऊन बसतात. माझ्या पातेल्यात सकाळी खिरीसारखा गोळा सापडला होता.

वाडग्यात आधी नूडल्स, वर चिकन, कातरलेला कांदा, कांद्याची पात, कोथिंबीर, आणि मग खळखळत्या सुपाचा डाव. लिंबू आणि मिरची प्रत्येकाच्या हाताशी. मोड आलेले मूग हवेत का, ते मुलाला विचारा. फ जन्मला उत्तरेत, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, नाम दिन्ह आणि हनोईच्या बाजूला. 1954 मध्ये देशाची फाळणी झाली, उत्तरेची लाखो माणसं दक्षिणेत गेली, फ त्यांच्याबरोबर गेला. तिथे त्यावर मोड, तुळशीच्या जातीची पानं, गोड सॉस असं सगळं चढलं. मुलगा हनोईत राहिला असेल तर त्याचा वाडगा साधाच असणार. आणि देव्हाऱ्यापुढची तुळस घालू नका. तिचा वास फार उग्र, काढा होईल. त्यापेक्षा पुदिन्याची चार पानं बरी.

सूप रविवारी दुप्पट करून फ्रीझरमध्ये ठेवलंत, तर सोमवारी तुमचा अर्धा तास खरा होईल.

प्रश्न : आम्ही लिंगायत, घरात अंडंही येत नाही. आम्हाला हे जमेल का?
— एक सूनबाई, अक्कलकोट रोड

उत्तर : जमेल. व्हिएतनाममध्ये पुष्कळ बौद्ध माणसं चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी, म्हणजे आपल्या अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास, मांस खात नाहीत. बिनमांसाच्या जेवणाला ते ‘चाय’ म्हणतात. आपल्या चहाशी त्याचा संबंध नाही. हाडांच्या जागी मुळा, गाजर, मक्याचं कणीस तुकडे करून, आणि मूठभर मश्रूम. कांदा, आलं, पुरचुंडी तीच. कुकर नको, पातेल्यात पाऊण तास मंद ठेवा. फिश सॉसऐवजी सोया सॉस आणि मीठ. वर तळलेला टोफू. पनीर घालतात लोक, मला आवडत नाही. गरम सुपात ते आपलं दूधपण सोडत नाही.

प्रश्न : मावशी, फवर शेंगाचटणी चालेल का? हसू नका.
— कॉलेजचा विद्यार्थी, अशोक चौक

उत्तर : हसले. फवर नको, तेलाचा तवंग येईल आणि लसणाखाली बाकी सगळं बुडेल. पण मध्य व्हिएतनामच्या क्वांग नाम भागात ‘मी क्वांग’ नावाच्या नूडल्स असतात, अगदी थोड्या रश्शातल्या, आणि त्यांच्यावर भाजलेल्या शेंगदाण्यांचा भरडा पसरतात. त्या कर, आणि चटणी शेजारी ठेव.